परदेशात गॅसचा दर निवडताना

आपल्या समाजातील मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि काही प्रमाणात व्यापारासाठीही ब्रिटनला जाऊ लागली, त्याला आता बराच काळ झाला. कोकणातील कित्येक कुटुंबांचे नातेवाईक लंडन, बर्मिंगहॅम अशा शहरांत स्थायिक आहेत. मुंबई, भिवंडी, मालेगावकडूनही तरुण जात आहेत. जाणाऱ्याची तयारी सारे घर मिळून करते. तिकीट, व्हिसा, गरम कपडे, मसाल्याचे डबे, दाखल्यांच्या झेरॉक्स, सगळे मोजून-मापून दिले जाते. मात्र तिथे गेल्यावर पहिल्याच थंडीत ज्या खर्चाने माणूस हबकतो, त्या गॅसच्या बिलाबद्दल त्याला कोणी काही सांगत नाही. आपल्याकडे गॅस म्हणजे स्वयंपाकघरातला किरकोळ खर्च, तेव्हा त्यात सांगण्यासारखे काय, असे आपल्याला वाटते.

या पानावर आपण भावाची, मालाची, उधारीची चर्चा करतो. म्हणूनच हा विषय इथे मांडावासा वाटला. ब्रिटनमध्ये घरगुती गॅस हा बाजारातला माल आहे. तो विकणाऱ्या अनेक कंपन्या आहेत, प्रत्येकीच्या दरयोजना वेगळ्या आहेत आणि निवड ग्राहकाने करायची असते. नवखा माणूस ही निवड बहुधा करीतच नाही. तो गप्प राहतो किंवा दुसऱ्याने केलेली निवड उचलतो. माझे म्हणणे असे की, गप्प राहणे हीसुद्धा एक निवडच आहे आणि तिची किंमत मोजावी लागते. योग्य निवड करण्यासाठी इंग्रजीचे पांडित्य लागत नाही. लागतो तो दुकानदाराचा साधा हिशोब, आणि तो आपल्या लोकांना चांगला येतो.

आपली सवय आणि तिथली रीत

आपल्याकडे १४.२ किलोचा सिलिंडर येतो. वजन ठरलेले, भाव ठरलेला. पैसे दिले की व्यवहार संपला. मुंबईसारख्या शहरात पाइपचा गॅस आला तरी त्या भागात तो पुरवणारी कंपनी एकच असते. भाव परवडत नाही म्हणून उद्यापासून शेजारच्या कंपनीचा पाइप घेतो, असे आपल्याला म्हणता येत नाही. त्यामुळे गॅसचा ‘दर निवडणे’ ही कल्पनाच आपल्या डोक्यात बसलेली नाही.

ब्रिटनमध्येही पूर्वी असेच होते. १९८६ च्या कायद्याने तिथली सरकारी गॅस कंपनी खाजगी झाली. त्यानंतर घरगुती ग्राहकाला पुरवठादार निवडण्याची मोकळीक १९९६ पासून टप्प्याटप्प्याने मिळाली आणि १९९८ पर्यंत ती सर्वत्र लागू झाली. पाइप तोच, मीटर तेच, गॅसही तोच. बदलते ते बिल पाठवणाऱ्या कंपनीचे नाव आणि तिने लावलेला दर. या कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाला ऑफजेम म्हणतात. पुढे जे लिहिले आहे ते इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांना लागू आहे. उत्तर आयर्लंडची व्यवस्था निराळी आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तिथल्या घरात गॅसचा मुख्य उपयोग स्वयंपाक नव्हे. बहुतेक घरांत भिंतीवर गॅसचा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो आणि तेच पाणी खोल्याखोल्यांतील रेडिएटरमधून फिरवून घर गरम ठेवतो. गॅसचा मोठा भाग या उबेत जातो, त्याखालोखाल आंघोळीच्या पाण्यात, आणि चुलीचा वाटा अगदी थोडा. म्हणून सप्टेंबरमध्ये पोहोचलेल्या विद्यार्थ्याला पहिले बिल किरकोळ वाटते आणि जानेवारीचे बिल पाहून त्याला घाम फुटतो. त्याने पोळ्या जास्त भाजलेल्या नसतात, थंडी वाढलेली असते. यावर काही जण बॉयलर बंदच ठेवतात. मग भिंतींना ओल येते, बुरशी धरते, लहान मुले खोकू लागतात. अशी बचत शेवटी डॉक्टरकडे आणि घरमालकाच्या भांडणात जाते. दर नीट निवडायचा तो यासाठी, की ऊब तोडावी लागू नये.

बिलातले दोन आकडे

ज्याच्या घरी किंवा कारखान्यात महावितरणचे बिल येते, त्याला ‘स्थिर आकार’ आणि युनिटचा दर हे दोन शब्द ठाऊक आहेत. ब्रिटनमधील गॅसचे बिल याच धर्तीवर असते. एक असतो ‘स्टँडिंग चार्ज’, म्हणजे रोजचा स्थिर आकार. गॅस वापरा किंवा वापरू नका, तो लागतोच. दुसरा युनिटचा दर. गॅससुद्धा तिथे विजेप्रमाणे किलोवॅट-तासात, म्हणजे आपल्या भाषेत युनिटमध्ये मोजून लावतात. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर स्थिर आकार हे गाळ्याचे भाडे आणि युनिटचा दर हा मीटरमागे कापडाचा भाव.

एक खरे उदाहरण घेऊ. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तीन महिन्यांसाठी ऑफजेमने ठरवलेली गॅसच्या दराची कमाल मर्यादा, बँकेतून दरमहा पैसे देणाऱ्या ग्राहकासाठी, देशाच्या सरासरीने कर धरून अशी होती : युनिटला ६.२४ पेन्स आणि दिवसाला ३१.६६ पेन्स. हाच दर वर्षभर राहिला असे धरले तर स्थिर आकाराचेच वर्षाला सुमारे ११६ पौंड होतात. २०२३ मध्ये ऑफजेमने मध्यम घराचा वर्षाचा वापर ११,५०० युनिट आणि लहान घराचा ७,५०० युनिट धरला होता. त्या हिशोबाने मध्यम घराचे बिल सुमारे ८३३ पौंड आणि लहान घराचे ५८४ पौंड होते. एखादा एकटा माणूस फक्त ३,००० युनिट वापरत असेल तर त्याला सुमारे ३०३ पौंड पडतील, आणि त्यातले ११६ पौंड, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक, नुसत्या ‘भाड्या’चे असतील.

यातून निघणारा धडा व्यापाऱ्याला लगेच समजेल. समजा, पहिल्या योजनेत स्थिर आकार दिवसाला ३० पेन्स आणि युनिट ६ पेन्सला आहे. दुसऱ्या योजनेत स्थिर आकार १० पेन्स आणि युनिट ७ पेन्सला आहे. जाहिरात करणारा पहिलीबद्दल म्हणेल, ‘आमचे युनिट स्वस्त.’ दुसरीबद्दल म्हणेल, ‘आमचा स्थिर आकार कमी.’ दोघेही खरेच बोलतात. वर्षाला ४,००० युनिट वापरणाऱ्याला पहिली योजना ३४९.५० पौंडांना पडते आणि दुसरी ३१६.५० पौंडांना, म्हणजे दुसरी ३३ पौंडांनी स्वस्त. १२,००० युनिट वापरणाऱ्या मोठ्या कुटुंबाला पहिली ८२९.५० आणि दुसरी ८७६.५० पौंडांना पडते. म्हणजे पहिली ४७ पौंडांनी स्वस्त. दोन्ही योजना बरोबरीत येतात त्या ७,३०० युनिटांवर. तेव्हा ‘सगळ्यात स्वस्त कंपनी कोणती?’ हा प्रश्न अर्धवट आहे. आपला वर्षाचा वापर किती, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

पहिल्या दिवसाची नोंद

घराची किल्ली हातात आली की पहिले काम मीटर शोधण्याचे. आकड्यांचा फोटो काढावा, तारीख लिहून ठेवावी. आधीच्या भाडेकरूचा वापर कुठे संपला आणि आपला कुठे सुरू झाला, याचा हाच एक पुरावा. त्या घराला गॅस कोण पुरवते हे घरमालकाला किंवा एजंटाला विचारावे. त्यांना सांगता आले नाही तर पत्त्यावरून पुरवठादार शोधण्याची सोय तिथे आहे. मग त्या कंपनीला आपले नाव, येण्याची तारीख आणि आकडा कळवावा.

हे न केल्यास काय होते? गॅस बंद होत नाही, तो येतच राहतो. कायदा असे धरतो की, तुम्ही त्या कंपनीशी करार केलेला आहे. सही नाही, बोलणे नाही, तरी करार झाला, आणि दर लागतो तो कंपनीचा नेहमीचा बदलता दर. बिल येते ते ‘द ऑक्युपायर’, म्हणजे ‘येथे राहणारा’ या नावाने. आपल्या माणसाला वाटते, पत्र आपल्या नावाचे नाही, म्हणजे आपले नाही. तो ते बाजूला ठेवतो. मग स्मरणपत्रे येतात, वसुलीची भाषा सुरू होते आणि नव्या देशात आल्या-आल्या आपली पत बिघडते. पुढे घर भाड्याने घेताना किंवा दुकानासाठी कर्ज मागताना हीच पत तपासली जाते. बाजारात पतीवर जगणाऱ्या माणसाला याहून अधिक सांगायला नको.

उलट, जुन्या भाडेकरूच्या नावाची थकबाकी तुमच्या अंगावर येत नाही. फोटो आणि भाडेकरार दाखवला की मामला मिटतो. या आपोआप झालेल्या करारातून बाहेर पडायलाही दंड नाही. दुसरी योजना किंवा दुसरी कंपनी केव्हाही घेता येते.

मापाबद्दल एक इशारा. कापडवाल्याला गज आणि मीटर यांतला फरक शिकवावा लागत नाही. तिथल्या मीटरांतही तसेच आहे. नवी मीटरे घनमीटरमध्ये मोजतात, काही जुनी घनफुटांत. एक घनमीटर गॅस म्हणजे साधारण ११ युनिट. जुन्या मीटरवरचा एक आकडा म्हणजे शंभर घनफूट, आणि ते जवळपास २.८३ घनमीटर होतात. कंपनीने एका मापाचे मीटर दुसऱ्या मापाचे समजून बिल केले, तर ते जवळजवळ तिप्पट होते किंवा तिसऱ्या हिश्शावर येते. मीटरवर कोणते माप लिहिले आहे ते बिलाशी ताडून पाहावे. बिलावरचा आकडा प्रत्यक्ष वाचलेला आहे की अंदाजाचा, हेही पाहावे. आपल्याकडे ‘सरासरी बिल’ म्हणतात, तोच हा प्रकार. बिल अंदाजाचे असेल तर खरा आकडा कळवून ते दुरुस्त करून घ्यावे.

भाव बांधावा की बाजारावर सोडावा?

आता मुख्य निवड. एका प्रकारच्या योजनेत दर वर्ष-दोन वर्षांसाठी बांधलेला असतो. दुसऱ्या प्रकारात तो बाजाराप्रमाणे बदलतो आणि त्यावर ऑफजेमची कमाल मर्यादा असते. सूत घेणाऱ्याला हा प्रश्न रोजचा आहे : पुढच्या तीन महिन्यांचे सूत आजच्या भावाने बुक करावे, की गरजेप्रमाणे बाजारातून उचलावे? बुक केले आणि भाव पडला तर हात चोळायचे. न केले आणि भाव चढला तर माग बंद ठेवायचे.

नवख्याला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, नेहमी भाव बांधून घ्या. दुसरा म्हणतो, सरकारी मर्यादा आहे, कशाला बांधून घेता? मागील काही वर्षांचा अनुभव सांगतो की, दोन्ही सल्ले डोळे मिटून घेण्यासारखे नाहीत.

२०१६ मध्ये तिथल्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने चौकशी करून अहवाल दिला. त्यात दिसले की, सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे ७० टक्के घरगुती ग्राहक नेहमीच्या बदलत्या, महाग दरावरच बसून होते, आणि खरी स्पर्धा असती तर जे द्यावे लागले असते त्यापेक्षा ग्राहक वर्षाला सरासरी १४० कोटी पौंड जास्त देत होते. त्यानंतर २०१८ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०१९ पासून या बदलत्या दरांवर कमाल मर्यादा आली. म्हणजे त्या काळात जो गप्प बसला त्याचे नुकसान झाले, आणि ज्याने भाव बांधला त्याचा फायदा झाला.

२०२१ च्या उत्तरार्धात गॅसचा ठोक बाजार भडकला आणि चित्र पालटले. स्वस्त बांधलेला दर देणाऱ्या, पण स्वतः गॅस आगाऊ बुक न केलेल्या कंपन्या कोसळल्या. पंचवीसहून अधिक बुडाल्या. ग्राहकांचा गॅस थांबला नाही आणि त्यांची जमा रक्कमही सुरक्षित राहिली, कारण ऑफजेमने त्यांना दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवले. पण बांधलेला भाव गेला. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर भाव आणखी चढले. गॅस आणि वीज मिळून मध्यम घराच्या वर्षाच्या बिलाच्या रूपात सांगितली जाणारी मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती. ती एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ आणि ऑक्टोबर २०२२ साठी ३,५४९ पौंडांवर गेली. तेव्हा सरकारने मध्ये पडून असे बिल २,५०० पौंडांच्या आसपास रोखले. त्या दिवसांत नवा भाव बांधून घेणे महाग होते आणि बदलत्या दरावर राहणेच शहाणपणाचे होते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही मर्यादा एकूण बिलावर नसते, ती युनिटच्या दरावर आणि स्थिर आकारावर असते. वर्तमानपत्रात येणारा मोठा आकडा मध्यम घराच्या अंदाजाचा असतो. ‘यापेक्षा जास्त बिल येऊच शकत नाही’ असे समजून दिवसरात्र बॉयलर चालू ठेवणाऱ्याला त्यापेक्षा जास्तच बिल येते. ऑक्टोबर २०२२ पासून ही मर्यादा दर तीन महिन्यांनी नव्याने ठरते, तेव्हा आकडा नेहमी चालू तिमाहीचा पाहावा.

मग नवख्याने काय करावे? माझे मत असे. पहिले दोन-तीन महिने घाई करू नये. आठवड्यातून एकदा मीटरचा आकडा वहीत लिहावा आणि घर किती गॅस खाते ते पाहावे. मग बांधलेल्या दराची योजना आपल्या वर्षाच्या वापरावर मोजून चालू मर्यादेच्या दराशी ताडावी. बांधलेला दर कमी असेल किंवा जवळपास बरोबरीचा असेल, आणि घरातील कमाई मोजकीच असेल, तर भाव बांधणे बरे. अशा घराला पाच-दहा पौंडांच्या नफ्यापेक्षा जानेवारीत धक्का न बसणे मोलाचे असते. पण तीन-चार महिन्यांत घर बदलायचे असेल तर आधी मुदतीपूर्वी करार सोडण्याचा दंड किती, आणि योजना नव्या घरी नेता येते का, हे विचारावे. कराराच्या शेवटच्या ४९ दिवसांत सोडल्यास दंड लागत नाही, आणि नवा करार केल्यावर मन बदलले तर १४ दिवसांत तो रद्द करता येतो. या दोन मुदती लक्षात ठेवाव्यात.

पैसे कसे द्यावेत?

तिथे डायरेक्ट डेबिटची पद्धत रूढ आहे. वर्षाच्या अंदाजे बिलाचे बारा भाग करून दरमहा बँकेतून तेवढी रक्कम जाते. उन्हाळ्यात जमा वाढते आणि हिवाळ्यात ती वापरली जाते. आपल्या काही लोकांना हे रुचत नाही. दुसऱ्याने आपल्या खात्याला हात घालावा, हे त्यांना पटत नाही. पण ही रक्कम म्हणजे कंपनीकडे ठेवलेली तुमची अमानत आहे. जमा फार वाढली तर परत मागण्याचा आणि हप्ता कमी करून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यासाठी आपला वापर वहीत हवा, नाहीतर हप्ता किती असावा हे कंपनीच ठरवते.

दुसरी पद्धत प्रीपेमेंट मीटरची. आधी दुकानात जाऊन कार्ड भरायचे, मग गॅस वापरायचा. उधारीला घाबरणाऱ्या माणसाला ही पद्धत जवळची वाटते, आणि त्या वृत्तीला मी नावे ठेवणार नाही. पूर्वी या मीटरवर गॅस महाग पडत असे. एप्रिल २०२४ पासून ऑफजेमने प्रीपेमेंट आणि डायरेक्ट डेबिट यांचे स्थिर आकार बरोबरीला आणले, त्यामुळे ती जुनी तक्रार बरीच मिटली. तरी दोन अडचणी राहतात. या मीटरवर निवडीला योजना कमी असतात. आणि उन्हाळ्यात गॅस न वापरताही स्थिर आकार साठत जातो, मग ऑक्टोबरात भरलेल्या पैशातून आधी तो वळता होतो. कार्ड संपले आणि हातात पैसे नसले की घर थंड पडते. भाड्याच्या घरात असे मीटर असेल तर पैसे भरण्यापूर्वी कंपनीला कळवून आपल्या नावाचे नवे कार्ड घ्यावे. नाहीतर आधीच्या भाडेकरूची बाकी तुमच्या पैशातून कापली जाण्याचा धोका असतो.

कोणाचे ऐकावे?

परक्या मुलखात आपल्या माणसाचा आधार वाटतो, आणि तो असावाही. पण चुलतभावाला परवडलेली योजना तुम्हाला परवडेलच असे नाही. त्याचे घर मोठे, माणसे सहा, करार मागच्या वर्षीचा. तुमची खोली एक, दिवसभर तुम्ही कामावर. त्याच्याकडून कंपनीचे नाव घेण्याऐवजी हिशोबाची रीत घ्यावी.

दारावर येणारा किंवा बाजारात टेबल मांडून बसणारा विक्रेता कधीकधी आपली भाषा बोलतो, सलाम करतो, गावाचे नाव विचारतो. तो आपला असेल, पण त्या वेळी तो दलालीवर काम करीत असतो. दलाली हा हलाल धंदा आहे, त्यात कमीपणा काही नाही. मात्र दलालाच्या शब्दावर आपण मालाचा ताका न उघडता घेत नाही. इथेही युनिटचा दर, रोजचा स्थिर आकार, कराराची मुदत आणि सोडण्याचा दंड, हे चार आकडे कागदावर मागावेत. तो द्यायला टाळाटाळ करील तर चहा पाजून निरोप द्यावा. दरांची तुलना करून देणाऱ्या खाजगी सेवांनाही बहुधा कंपन्यांकडूनच मोबदला मिळतो. त्यांचा उपयोग करावा, पण प्रत्येक योजना त्यांनी दाखवलीच असेल असे धरू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ही संस्था असा सल्ला मोफत देते. कंपनीशी तक्रार मिटली नाही तर ऊर्जा लोकपालाकडे, म्हणजे एनर्जी ऑम्बुड्समनकडे, विनामूल्य दाद मागता येते. बारा महिन्यांपूर्वी वापरलेल्या गॅसचे बिल कंपनीने वेळेत पाठवलेच नसेल, आणि ग्राहकाने त्यात अडथळा आणला नसेल, तर ते तिला नंतर वसूल करता येत नाही.

घरमालकाबद्दलही सांगितले पाहिजे, कारण पुष्कळदा तो आपलाच ओळखीचा असतो. भाडेकरू गॅसचे बिल थेट कंपनीला भरत असेल तर पुरवठादार निवडण्याचा हक्क भाडेकरूचा आहे. मालक स्वतः बिल भरून भाडेकरूकडून युनिटप्रमाणे पैसे घेत असेल, तर त्याने स्वतः दिलेल्या दरापेक्षा जास्त घेणे नियमाला धरून नाही. आपल्यापैकी जे तिथे घरे भाड्याने देतात त्यांनीही हे वाचावे. नवख्या मुलाच्या गॅसवर नफा काढणे हे मापात मारण्यासारखेच आहे.

दुकानावर राहणाऱ्यांसाठी

या पानाच्या वाचकांना शेवटचा मुद्दा खास लागू आहे. तिथे खाली दुकान आणि वर राहण्याची जागा अशी व्यवस्था पुष्कळ ठिकाणी आढळते. गॅसचा करार घरगुती आहे की व्यापारी, हे आधी पाहावे. व्यापारी कराराला ही कमाल मर्यादा लागू नाही आणि मन बदलण्याची १४ दिवसांची मुदतही नाही. फोनवर ‘हो’ म्हटले तरी करार पक्का होतो. घरगुती गॅसवर व्हॅट ५ टक्के लागतो, व्यापारी वापरावर, अगदी थोडा वापर सोडल्यास, २० टक्के. मध्ये दलाल असेल तर त्याची दलाली पुष्कळदा युनिटच्या दरातच मिसळलेली असते, म्हणून ती किती, हे लेखी विचारावे. आपल्या बाजारात तोंडी शब्दाला किंमत आहे, ही अभिमानाची गोष्ट. पण त्याच सवयीने तिथे अनोळखी फोनवर शब्द दिला, तर दोन-तीन वर्षे महाग दराशी बांधले जाण्याची वेळ येते.

कोणी म्हणेल, वर्षाला चाळीस-पन्नास पौंडांसाठी एवढा खटाटोप कशाला? गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाने तरी हे विचारू नये. मीटरमागे चार आण्यांच्या फरकावर आपण वर्षानुवर्षे धंदे केले, मुलांना शिकवले, आणि त्यातूनच कोणाकोणाला परदेशी पाठवले. शिवाय प्रश्न केवळ त्या पौंडांचा नाही. नव्या देशात बिलाचा कागद उघडून वाचणारा माणूस भाडेकरारही वाचतो, नोकरीचे पत्रही वाचतो, आणि फसवणारा त्याच्यापासून दोन पावले दूर राहतो.

तिथल्या आपल्या जमातींनी आणि मंडळांनी हिवाळ्यापूर्वी एखाद्या रविवारी नवख्यांना एकत्र बसवून त्यांचीच बिले त्यांच्याकडून वाचून घ्यावीत. खर्च काही नाही, एक फळा आणि दोन तास. इथल्या वडीलधाऱ्यांनी जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत मसाल्याच्या डब्याशेजारी एक साधी वही ठेवावी आणि सांगावे : घरात शिरशील त्या दिवशी मीटरचा आकडा पहिल्या पानावर लिही, आणि दर आठवड्याला पुढचा.